उसनं बोट

सकाळचे पावणेसात वाजले की मुकुंदवाडीतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्रिंबक देवकते इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून खुर्चीवर बसायचा. समोर स्टूल, स्टुलावर पिठाचा डबा, डब्याला टेकवलेला फोन आणि मांडीवर वही. योगासनांना इस्त्रीचा शर्ट घालणारा क्लासात तो एकटाच. पण योग करायला त्रिंबक सातला बसायचा. पावणेसातला तो हजेरी घ्यायला बसायचा.

क्लास शहरातल्या एका दवाखान्यानं सुरू केला होता. ज्यांची फुप्फुसं नाहीतर हृदय कायमचं अधू झालंय, ज्यांना दवाखान्याच्या पायऱ्या चढायचं म्हटलं तरी घाम फुटतो, अशा अकरा जणांना घरबसल्या फोनवर योग शिकवायचा. सगळं खुर्चीत बसूनच. हात वर, हात खाली. ओठांची चोच करून श्वास हळूहळू सोडायचा. शेवटी भुंग्यासारखं गुणगुणायचं. श्वास कोंडून धरायचा नाही आणि कपालभातीचं नावसुद्धा काढायचं नाही. शिकवायला मेघा मॅडम. वय तिशीच्या आत, आवाज असा की रागावली तरी आजारी माणसाला बरं वाटावं. नियम एकच, पण कडक. आधी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा सांगायचा. नव्वदच्या खाली आला, तर त्या दिवशी नुसतं बघायचं. लागोपाठ तीन दिवस खाली आला, तर क्लास बंद आणि दवाखान्यात येऊन तपासणी.

अकरा जणांचे आकडे विचारण्यात मॅडमची दहा मिनिटं जायची. दुसऱ्याच आठवड्यात त्रिंबक म्हणाला, "मॅडम, हे माझ्यावर सोडा." चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइम ऑफिसात त्यानं दुसरं काय केलं होतं? कोण कधी आला, कोण कधी गेला, कोण दारातून आत येऊन भिंतीवरून बाहेर गेला. मॅडमनं सोडलं. वहीतले आकडे तो रोज फोनवरच्या तक्त्यात भरून दवाखान्याला पाठवायचा. तेव्हापासून त्रिंबकच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती कुठल्याही आसनानं आली नसती.

"मोतीराम?"

"ब्याण्णव," पैठणहून मोतीराम म्हणायचा. एसटीचा ड्रायव्हर होता, बायपास होऊन चार वर्षं झालेली. "हजर हाये, जित्ता हाये, दाढी व्हायचीय."

"जेवढं विचारलं तेवढं सांगा."

"पगार कापता का काय, टाइमकीपर?"

"नानासाहेब?"

"शहाण्णव." नानासाहेबांची साठ एकर बागायत आणि तीस टक्के चालणारं हृदय.

"काल शहाण्णव, परवा शहाण्णव. तुमचं मशीन बंद पडलं का काय?"

"आमच्या घरात कमी असं काही नसतं, देवकते. लिहा."

त्रिंबक लिहायचा आणि शेजारी बारीक फुली मारायचा. फुली म्हणजे खोटं. नानासाहेबांच्या रांगेत फुल्यांची माळच झाली होती.

"लीलाबाई?"

"अठ्ठ्याऐंशी." चुलीच्या धुरात चाळीस वर्षं काढलेली ही बाई तेवढी खरं बोलायची, आणि त्याची शिक्षाही तिलाच.

"मग आज तुमी नुसतं बघा."

"बघते की. टीव्हीवर तरी मी काय करते, बघतेच ना?"

सगळे हसायचे, हसता हसता खोकायचे, खोकला संपला की मेघा मॅडम विचारायची, "आणि तुमचा, काका?"

"सत्त्याण्णव," त्रिंबक म्हणायचा.

तो आकडा त्याचा नव्हता. बानाबाईचा होता. बानाबाई त्याची बायको.

हे सुरू झालं मार्चात. त्याला सर्दी झाली होती, आणि बोटावरच्या मशीननं सकाळी शहाऐंशी दाखवलं. दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी. नुसतं बघायची लाज त्यानं दोन दिवस कशीबशी गिळली. हजेरी घेणाराच गैरहजर, म्हणून मोतीरामनं टोमणेही मारून घेतले. पण खरी भीती तिसऱ्या दिवसाची होती. तीन दिवस झाले की तपासणी, आणि तपासणी झाली की घरी ऑक्सिजनचं मशीन. त्याचा मोठा भाऊ बिभीषण खुलताबादच्या अलीकडं गावी त्या मशीनवर दोन वर्षं होता. शंभर मेंढरं पुढं घालून ज्यानं नगरपर्यंतचं रान पायी तुडवलं, तो माणूस नाकात नळी घालून खाटेपासून मोरीपर्यंत. नळी तेवढीच लांब. त्रिंबक भेटायला गेला की बिभीषण म्हणायचा, "दावं बरं रे, ढोराला निदान फिरून तरी चरता येतंय." मशीन आलं ते बिभीषणला घेऊनच गेलं, हे त्रिंबकच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं की मशीनमुळं नव्हे, मशीन असूनही. पण काही गोष्टी माणूस ऐकून घेतो आणि लिहून घेत नाही.

तिसऱ्या दिवशी बानाबाई चहा घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, "जरा बोट दे."

"कामून?"

"दे म्हणतो ना."

तिनं ओलं बोट लुगड्याला पुसून पुढं केलं. मशीन लुकलुकलं. सत्त्याण्णव.

"चांगलं हाये का?"

"लई चांगलं."

"मग तेच सांगा त्यांना," ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली. तिला त्यात चोरीसारखं काही वाटलं नाही. घरात मीठ संपलं तर शेजारून आणायचं, तसं हे.

त्रिंबकला मात्र वाटायला हवं होतं. कारखान्यात दुसऱ्याचं कार्ड पंच करणाऱ्या त्रेचाळीस जणांना त्यानं आपल्या हातानं पकडलं होतं. त्यात एक त्याचा सख्खा मावसभाऊ. तो पुढं लग्नाकार्यातही त्याच्याशी बोलला नाही. शेवटच्या दोन वर्षांत कार्डं जाऊन अंगठ्याचं मशीन आलं, तेव्हा त्रिंबकनं मॅनेजरला पेढा दिला होता. "आता काय करतील साहेब? कार्ड उसनं मिळतंय, बोट कुठून आणतील?"

बोट घरातच मिळतं, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रोजचं सोपं होतं. अवघड होता शनिवार. शनिवारी मेघा मॅडम प्रत्येकाला ऑक्सिमीटर लावलेलं बोट कॅमेऱ्यासमोर धरायला लावायची. त्रिंबकनं तोड काढली. बानाबाईनं खुर्चीच्या बाजूला, फोनला दिसणार नाही अशी खाली बसायचं, बांगड्या कोपरापर्यंत सारायच्या, आणि हात त्रिंबकच्या शर्टाच्या रिकाम्या बाहीतून वर काढायचा. त्रिंबकचा स्वतःचा हात शर्टाच्या आत पोटाशी. बाहीचं बटण लावलं की मनगटावरचं गोंदण झाकलं जायचं. इस्त्रीच्या शर्टाचं रहस्य हे असं होतं.

"देवकतेभाऊ," एका शनिवारी लीलाबाई म्हणाली, "तुमचं बोट लई नाजूक दिसतंय हो."

"लेखणीचं बोट हाये, लीलाबाई. खुरप्याचं नाय."

"अन् बांगड्या वाजल्यावानी कामून झालं?"

"शेजारचं पोरगं खेळतंय," त्रिंबक म्हणाला, आणि खाली बसलेली बानाबाई तोंडात पदर कोंबून हसली. हसताना तिचा हात थरथरला, आकडा एकानं खाली गेला, मग पुन्हा वर आला. सगळ्या क्लासात इतकं गमतीचं तिला काहीच वाटायचं नाही. पोरगा शिवराज पुण्याला नोकरीला, खाली उतरायचे दोन जिने, आणि नवरा सकाळी अर्धा तास तिचा हात हातात घेऊन बसतोय; लग्नानंतर असं कधी झालं होतं?

तर वहीत "त्रिंबक देवकते" या नावापुढं मार्च, एप्रिल, मे असे सत्त्याण्णव नाहीतर शहाण्णव आले. जूनच्या तेवीस तारखेला पंच्याण्णव आला.

त्रिंबकनं तो लिहिला आणि मनात म्हणाला, भांडी घासून आली, बोटं गार पडलीत.

जुलै लागला तेव्हा चौऱ्याण्णव होता. त्यानं मशीनचे सेल बदलले. तर्जनी सोडून मधलं बोट घेतलं. मग डाव्या हाताचं. "हात चोळून ये जरा," तो सांगायचा, आणि ती खरंच दाराआड उभी राहून हात चोळायची. जुलैच्या मध्याला त्र्याण्णव. त्रिंबक चिडायला लागला.

"रात्री झोपत नाहीस का?"

"झोपते की."

"मग आकडा का पडतोय?"

"मला काय ठाव? तुमचं मशीन, तुमचा आकडा," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून ती बोट द्यायच्या आधी भिंतीशी बसून ओठांची चोच करायची आणि फूऽऽ करत श्वास सोडायची. चार महिने खुर्चीच्या बाजूला बसून तिनं सगळा क्लास ऐकला होता. असं दोन मिनिटं केलं की आकडा दोननं वर जातो, हे तिनं कुणालाही न विचारता शोधून काढलं होतं. त्रिंबकला कौतुक वाटलं. "मॅडमची खरी चेली तूच!" तो म्हणाला. वर चढवलेले ते दोन त्यानं वहीत लिहिले.

ज्याच्या नजरेतून नानासाहेबांचा एकही शहाण्णव सुटला नाही, त्याला स्वतःच्या रांगेतली उतरण दिसत होती. रेघ मारून दाखवावी इतकी सरळ. फक्त ती रेघ कुणाची, हा विचार त्यानं वहीच्या बाहेर ठेवला होता. दिसत त्याला सगळंच होतं. दळण आणायला गेली की ती पहिल्या मजल्यावर डबा ठेवून कठड्याला धरून उभी राहायची. जोडवी काढून तिनं देव्हाऱ्यात ठेवली होती, विचारलं तर म्हणाली, "रुतायलीत." रात्री दोन उशा कमी पडायला लागल्या, म्हणून तिनं गोधडीची वळकटी पाठीशी घेतली. भाकरी अर्ध्यावर आली. हे सगळं त्रिंबकनं पाहिलं, पण आकड्यात नव्हतं, म्हणून मोजलं नाही.

ऑगस्टच्या दोन तारखेला, शनिवारी, शर्टाच्या बाहीतून आलेल्या बोटानं एक्क्याण्णव दाखवलं. मॅडमनं तो दोनदा वाचला. दुपारी तिचा फोन आला.

"काका, डॉक्टरांनी तुमचा तक्ता बघितला. जूनपासून सारखा उतरतोय. आणि तुमच्या फुप्फुसाच्या आजारात असा उतरत नाही, असं ते म्हणतात. मी काही प्रश्न विचारते, हो-नाही सांगा. पायाला सूज येते?"

बानाबाई समोर ओट्याशी पाट घेऊन बसून शेंगा सोलत होती. ओट्याशी उभं राहायचं तिनं केव्हा सोडलं, ते त्रिंबकला आठवेना. तिचे पाय पुढं पसरलेले. घोटा कुठं संपतो आणि पाऊल कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं.

"नाय," त्रिंबक म्हणाला.

"आडवं झालं की दम लागतो? उशा जास्त लागतात?"

"नाय."

"जिना चढताना मध्ये थांबावं लागतं?"

"ते तर मला पाच वर्षांपासून—"

"आता जास्त झालंय का, ते विचारतेय."

"नाय."

"भूक?"

बानाबाईनं एक शेंग सोलून दाणे त्याच्याकडं केले. तो घेईना, तेव्हा तिनं पाटावर ठेवले. स्वतःच्या तोंडात एकही टाकला नाही.

"भूक चांगली हाये," त्रिंबक म्हणाला.

"मग आकडा असा का पडतोय, काका?"

आता सांगायला हरकत नव्हती. चार शब्द होते. बोट बायकोचं हाये, मॅडम. ते चार शब्द त्यानं घशापर्यंत आणले, आणि त्यांच्या मागून बिभीषणची खाट, मोरी आणि मधली नळीही वर आली.

"मशीन जुनं हाये," तो म्हणाला. "कोरोनातलं. सेल बदलून बघतो."

फोन ठेवला. त्यानं शेंगांची टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाला, "बाना, सोमवारी दवाखान्यात जाऊन येऊ. तुला दाखवू."

"मला? मला काय धाड भरलीय?"

"पायाला सूज हाये."

"वयाची हाये. पोळा होऊ द्या. शिवराज यायलाय पोळ्याला, तवा बघू. अन् दवाखान्यात गेलं की ते तुमचंबी बोट बघतील. मग तुमचा क्लास?"

"हां," त्रिंबक म्हणाला. "तेबी हाये."

ती नको म्हणाली, आणि त्याला बरं वाटलं. जीव थोडा मोकळा झाला. या मोकळेपणाची नोंद त्यानं कुठंही केली नाही.

चार ऑगस्टला, सोमवारी, चोच करून, हात चोळून, डावं-उजवं करूनसुद्धा बानाबाईच्या बोटानं एकोणनव्वदच दाखवलं. त्रिंबकनं पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि चौऱ्याण्णव लिहिलं. एकतीस वर्षांत त्यानं कुणाच्या नावापुढं चुकीची वेळ टाकली नव्हती. पहिलं खोटं बोटाचं होतं; ते निदान कुणाच्या तरी रक्तातून आलेलं होतं. हे निव्वळ शाईचं.

"अरे वा, काका!" मेघा मॅडम खूश झाली. "सेल बदलले वाटतं?"

"व्हय. सेलच होते."

"बघा, मी उगाच घाबरले. डॉक्टरांना सांगते."

ही खोटी नोंद रविवार सोडून अकरा दिवस चालली. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. नुसता एकच आकडा रोज लिहायला त्रिंबक काही नानासाहेब नव्हता. त्यानं वर-खाली करून अगदी खऱ्यासारखा रचला. बानाबाईला तो म्हणायचा, "आज बोटाची गरज नाय, तू पड." ती पडायची नाही, बसूनच राहायची. एकदा तिनं विचारलं, "मपलं बोट नगं झालं का?" तो म्हणाला, "माझंच बरं यायलंय आता." तिला आनंद झाला. "बघा, योगाचा गुण आला," ती म्हणाली, आणि एवढं बोलून थांबली, कारण पुढचं बोलायला श्वास उरला नव्हता.

मधल्या शनिवारी त्यानं आकडा नुसता सांगितला, बोट दाखवायचं चुकवलं. रेंज नाही, चित्र दिसत नाही म्हणाला. पण सोळा तारखेच्या शनिवारी मॅडमनं आधीच निरोप पाठवला: आज डॉक्टर स्वतः क्लास बघणार आहेत, सगळ्यांनी बोट दाखवायचं.

त्रिंबकनं बेत केला. मशीन आपल्या बोटाला लावायचं, हात कॅमेऱ्यापासून लांब धरायचा, थोडा हलवायचा. मग त्यानं स्वतःचा आकडा बघितला. चौऱ्याऐंशी. रात्रीतून छाती भरली होती. तो बानाबाईकडं वळला. ती वळकटीला टेकून बसली होती, तोंड अर्धवट उघडं, आणि खांदे श्वासाबरोबर वर-खाली होत होते.

"एवढा आजचा दिवस," तो म्हणाला. "दोन मिनिटं."

"आणा," ती म्हणाली.

ती सरकत सरकत खुर्चीपर्यंत आली. बांगड्या सारायची गरज पडली नाही. मनगट सुजून त्या तिथंच अडकल्या होत्या. बाहीतून हात वर काढायला तिला दोनदा थांबावं लागलं. बटण लागेना, म्हणून त्रिंबकनं ते तसंच सोडलं.

"मोतीराम?"

"एक्क्याण्णव. आज साहेब हायेत म्हणून टोमणा नाय."

"नानासाहेब?"

"शहाण्णव."

कॅमेऱ्यात नानासाहेबांच्या बोटावर ब्याण्णव दिसत होता. एरवी त्रिंबकनं त्यांना सोडलं नसतं. आज तो पुढं गेला. लीलाबाई, मग बाकीचे. मग मेघा मॅडम म्हणाली, "आणि तुमचं बोट, काका?"

शर्टाच्या बाहीतलं बोट वर आलं. क्षणभर फोनच्या चौकटीत नीट दिसलं. मग बोटाचा भार मनगटावर, मनगटाचा कोपरावर, असा सगळा हात सैल पडत गेला आणि बाहीतून खाली घसरला. बटण उघडं होतं. गोंदणाचे हिरवे ठिपके, दोन बांगड्या, सगळं अकरा चौकोनांनी बघितलं. मशीन फरशीवर आपटलं. बानाबाईचं डोकं खुर्चीच्या पायाला लागलं.

"अगं बाई, हा तर बाईमाणसाचा हात हाये!" लीलाबाई ओरडली.

त्रिंबक शर्टात अडकला होता. एक हात आत, एक बाहेर. तो कसाबसा खाली बसला आणि फोनकडं बघून म्हणाला, "मॅडम, आकडा माझा नव्हता. मार्चपासून माझा नव्हता. हिचा होता."

मेघा मॅडमनं मग आवाज चढवला नाही, हे तिचं मोठेपण. "त्यांना उठवून बसतं करा. पाठ भिंतीला. मशीन लावा त्यांच्या बोटाला. किती?"

"चौऱ्याहत्तर."

"मोतीकाका, तुम्ही लगेच एकशे आठला फोन करा. पत्ता मी देते. त्रिंबककाका, दार उघडून ठेवा."

दोन जिने बानाबाईला खुर्चीत बसवून खाली नेलं. त्रिंबक मागून उतरला, पहिल्या मजल्यावर त्याला थांबावं लागलं, आणि ॲम्ब्युलन्सवाल्यानं विचारलं, "पेशंट नक्की कोन हाये, काका?"

दवाखान्यात वॉर्डाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय मोठं झालंय, पंपिंग पंधरा टक्के, फुप्फुसात पाणी. महिनाभर आधी आला असता तर गोळ्यांवर निघालं असतं. "आधीची काही नोंद आहे का यांची? कधीपासून उतरत गेलं, कळलं तर बरं."

"हाये की," त्रिंबक म्हणाला. पाच महिन्यांची, रोजची, सकाळी पावणेसातची. एवढी नेटकी नोंद त्या वॉर्डातल्या कुठल्या पेशंटची नसेल. फक्त ती दुसऱ्याच्या नावावर होती.

डॉक्टर फोनवरचा तक्ता बोटानं वर सरकवत वाचत गेले. ऑगस्टवर थांबले. "इथं सुधारणा दिसतेय. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. मग एकदम आज चौऱ्याहत्तर? असं होत नाही. हे अकरा दिवस काय होतं?"

"ते मी लिहिलेत," त्रिंबक म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं. फोन परत दिला.

दुपारी पाच मिनिटं आत सोडलं. तोंडावर मास्क, हाताला सलाईन. बानाबाईनं डोळे उघडले आणि मास्क बाजूला करायला लागली. नर्स रागावली. तरी तिनं केलाच.

"त्यांनी काढलं का तुम्हाला?"

"कुठून?"

"क्लासातून."

"त्याचं काय घेऊन बसलीस?"

"मला कळत व्हतं," ती म्हणाली. शब्दाशब्दाला थांबत होती. "जूनपासून कळत व्हतं. मशीनवरचा आकडा वाचता येतो मला. शाळेत गेले नाय, पर मेंढरं मोजलीत. पर म्हणलं सांगितलं, की तुमी मशीनला भ्याल. भाऊजींच्या वक्ताला कसे झाले व्हते तुमी. जेवना झाले व्हते."

"अगं पर—"

"अन् बोट दिलं की तुमी सकाळी बोलायचाव मपल्याशी," ती म्हणाली. नर्सनं येऊन मास्क परत बसवला.

शिवराज संध्याकाळी पुण्याहून आला. रविवार गेला. सोमवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी बानाबाई गेली. वेळ त्रिंबकनं भिंतीवरच्या घड्याळात बघितली. बघायची सवय होती म्हणून.

गटात निरोप आले. मोतीरामनं पहिल्यांदाच थट्टा केली नाही. नानासाहेबांनी गाडी पाठवतो म्हणून कळवलं. लीलाबाईनं काही लिहिलं नाही, फोन केला, आणि दोघं एकमेकांचा दम ऐकत राहिली.

खाली काउंटरवर कारकुनानं एक छापील कागद दिला. शिवराजनं पेन काढलं. नाव, वय, पत्ता भरून झाला. मग एक रकाना आला: आजार कधीपासून.

"काय लिहू?" शिवराज स्वतःशीच म्हणाला. "पंचमीला फोनवर बोलली तेव्हा तर चांगली होती माय. अचानकच झालं." त्यानं अ लिहिला.

"अचानक नाय," त्रिंबक म्हणाला.

"आबा, राहू द्या आता. कागद आहे नुसता."

"तेवीस जून लिही."

शिवराजचं पेन थांबलं. "तेवीस जूनला काय झालं होतं?"

"पंच्याण्णव. एक जुलैला चौऱ्याण्णव. पंधराला त्र्याण्णव. दोन ऑगस्टला एक्क्याण्णव, अन् त्याच दिवशी मॅडमचा फोन आलता. चारला एकोणनव्वद. पुढचं माहीत नाय, पुढचं मी बघितलंच नाय." त्रिंबकचा श्वास संपला. त्यानं काउंटरची कड धरली. मागं रांग उभी होती, कुणीतरी घाई करत होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" शिवराजनं विचारलं.

"आकडा माहीत होता."

कारकुनानं वर बघितलं. शिवराजनं कागदावरचा अ खोडला, तारीख टाकली, आणि बापाकडं न बघता कागद खिडकीतून आत सरकवला.